आणा, तोळा आणि शहापूरचे दिवाणजी

मंडळी, शहापूरच्या सावकारांवर आपल्याकडं बरंच लिहून झालंय. कुणाचा वाडा केवढा होता, कुणाच्या दारात किती गाड्या सुटायच्या, सगळं आलं. विणकरांवरही अधूनमधून कुणीतरी लिहितं, खड्ड्यातला माग, धोट्याचा आवाज वगैरे. पण या दोघांच्या मधे एक माणूस बसलेला असायचा. चटईवर, पुढ्यात उतरतं डेस्क, एका हाताला तराजू आणि दुसऱ्या हाताला लाल कापडाची वही. त्याच्यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तो दिवाणजी.

माझे वडील, आप्पा, १९४२ साली सोळाव्या वर्षी एका पेढीवर पोऱ्या म्हणून लागले. दहा वर्षांत दिवाणजी झाले आणि १९८८ पर्यंत तेच काम केलं. पेढीचं नाव सांगत नाही, घराणं अजून आहे. मी स्वतः उद्यमबागेत एका कारखान्यात २२ वर्षं सुपरवायझर होतो. आमच्या वेळी ‘मिडल मॅनेजर’ हा शब्द आला, त्याची दोन दिवसांची ट्रेनिंगंही झाली. त्या ट्रेनिंगमध्ये बसून मला सारखं वाटायचं, हे सगळं आमच्या घरी जेवताना ऐकलंय की! म्हणून आज हे लिहायला घेतलंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी थोडं शहापूरबद्दल, बाहेर वाढलेल्या नव्या पिढीसाठी. आज रेल्वेलाईन ओलांडली की बेळगाव संपून शहापूर कधी लागलं ते कळतही नाही. पण १९४८ पर्यंत हे दोन वेगळे मुलूख होते. बेळगाव इंग्रजांचं, छावणीचं गाव. शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. आमच्या चिंतामणराव हायस्कूलचं नाव सांगलीच्या राजांचं आहे ते त्यामुळंच. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि शहापूरचं संस्थानीपण सरलं. एक गोष्ट मात्र राहिली. बेळगावात धुळवडीला रंग खेळतात आणि आम्ही शहापूर-वडगाव-खासबागवाले अजून रंगपंचमीला खेळतो. (बेळगावच्या सासुरवाडीला दोन्ही दिवस भिजलेले जावई इथं बरेच असतील.)

शहापूरची पत होती ती कापडावर आणि सोन्यावर. इथली नऊवारी लुगडी घाटावर आणि कोकणात जायची. विणणारी घरं बहुतेक देवांग, साळी, कोष्टी, पद्मसाळी. यातल्या अर्ध्याअधिक घरांत कन्नड बोलणं, काहींत तेलुगूचा अंश, आणि बाजारात सगळ्यांचं मराठी. माग विणकराच्या घरात, सूत आणि रेशीम सावकाराचं, तयार माल सावकाराचा, विणकराला नगावर मजुरी. सावकार विणकराच्या घरी जात नसे. विणकर सावकाराच्या माडीवर चढत नसे. दोघांच्या मधल्या जाण्या-येण्याचं नाव दिवाणजी.

त्याचं काम ऐकायला सोपं. रेशीम तोलून द्यायचं, लुगडं तोलून घ्यायचं, घट किती आली बघायची, मजुरी लिहायची, उचल वजा करायची. पण रेशीम हवेतला ओलावा पितं, हे विणकराला ठाऊक आणि सावकारालाही. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आषाढात ओलसर हवेत तोलून दिलेलं रेशीम लुगडं होऊन कार्तिकात परत आलं की तोळ्याच्या हिशेबात कमी भरणारच. सावकार म्हणणार, चोरलं. उलट विणकराच्याही युक्त्या होत्या, खळ जरा दाट लावली की वजन वाढतं. मग तराजूपुढं संवाद सुरू व्हायचा.

‘दिवाणजी, कमी भरलंय म्हणूलालाय काय तुम्ही? देताना काय घामात भिजवून दिलता काय?’

आप्पांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. रेशीम द्यायच्या आदल्या रात्री आणि लुगडं तोलायच्या आदल्या रात्री, दोन्ही माल पेढीच्या एकाच खोलीत टांगून ठेवायचा आणि सकाळी तोलायचं. ऋतूचा फरक यानं संपत नाही, पण ‘तुमच्याकडं ओल होती’ हे भांडण संपतं. शिवाय पावसाळ्यात दिलेल्या मालाला वहीत एक खूण असायची, त्या नगाला घटीची सूट जरा जास्त. ही सूट सावकारानं ठरवलेली नव्हती. त्यांना ती बऱ्याच वर्षांनी कळली आणि तोवर तिची प्रथा झाली होती. उद्यमबागेत आम्ही याला ‘टॉलरन्स’ म्हणायचो, आणि तो ड्रॉइंगवर छापून यायचा. आप्पांना तो स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा लागायचा.

आता खरं सांगायचंय ते १९५६ ते १९६२ या सहा वर्षांबद्दल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसाबद्दल आणि नंतरच्या लढ्याबद्दल इथं सगळ्यांना माहीत आहे, मी ते परत उगाळत नाही. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले, १९६२ मध्ये ते सक्तीचे झाले. म्हणजे राज्य बदललं, नाणं बदललं आणि वजन बदललं. दिल्लीला आणि बंगळूरला हे तीन वेगळे निर्णय असतील. शहापुरात ते तिन्ही एकाच डेस्कवर येऊन पडले.

नव्या पैशांचं आधी घ्या. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले. म्हणजे १ आणा बरोबर सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा काही छापलेला नव्हता, म्हणून सरकारनं एक तक्ता दिला: १ आणा म्हणजे ६ पैसे, २ आणे म्हणजे १२, ३ आणे म्हणजे १९, ४ आणे म्हणजे २५. पोस्टाच्या तिकिटाला ठीक आहे. पण आमच्याकडं कांड्या भरणाऱ्या बायकांना एका लडीला १ आणा मजुरी होती. बाई आठवड्यात १६ लड्या भरायची आणि बंदा रुपया घेऊन जायची. तक्त्याप्रमाणं लडीला ६ पैसे धरले तर १६ लड्यांचे होतात ९६ पैसे. रुपया मोडला की! चार पैसे कुठं गेले?

सावकारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरकारी तक्ता भिंतीवर लावलेला आहे, त्याप्रमाणं हिशेब करा. आणि बायकांचंही चुकीचं नव्हतं. काम तेवढंच, हात तेवढेच, रुपया का नाही? पेढीकडं तेव्हा ४० च्या वर माग होते, प्रत्येक मागामागं एक-दोन बायका कांड्या भरणाऱ्या. चार-चार पैसे आठवड्याला, वर्षाला दोन रुपये प्रत्येकीचे. त्या काळी दोन रुपये म्हणजे थट्टा नव्हती.

आप्पांनी काय केलं? त्यांनी तक्ता मोडला नाही आणि मजुरी वाढवूनही मागितली नाही. सावकारांना ते एवढंच म्हणाले, ‘मी वही आण्यातच लिहितो. सवय आहे, चूक होणार नाही. आठवड्याची बेरीज झाली की एकदाच पैशात करतो.’ सावकारांना यात काही वावगं दिसलं नाही. १६ लड्यांचे १६ आणे, म्हणजे १ रुपया. तक्ता भिंतीवर आणि रुपया बाईच्या हातात. गाळलेला पाव पैसा कुणाच्या तरी माथी पडणारच होता, तो रोज प्रत्येक लडीवर पाडायचा की आठवड्यातून एकदा, एवढंच त्यांच्या हातात होतं. तेवढं त्यांनी वापरलं. वह्या १९६१ पर्यंत आण्यात आहेत, मी पाहिल्यात.

माझ्या मते मधल्या माणसाचं सगळं काम याच जागेत असतं. हुकूम वरून येतो, तो त्याला फिरवता येत नाही. फिरवतो म्हणणारे टिकत नाहीत, मी उद्यमबागेत असे दोघं-तिघं पाहिले, छान माणसं होती. पण हुकमाची बेरीज कुठं करायची, शेष कुठं टाकायचा, हे पुष्कळदा कुणी लिहून दिलेलं नसतं.

वजनाचा बदल मात्र असा सहज निभावला नाही. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. विणकराच्या हाताला तोळा कळायचा. लडी हातात घेऊन ‘पाऊण तोळा कमी हाय’ सांगणारे म्हातारे होते आणि तराजूवर ते खरं निघायचं. ग्रॅम हाताला कळत नाही. तोळ्यांत २० दिलेलं रेशीम आता २३३ ग्रॅम झालं, आकडा एकदम मोठा आणि विश्वास एकदम लहान. काहींना वाटलं जास्त दिलंय म्हणून जास्त मागणार. काहींना वाटलं काटाच खोटा. आप्पांनी जुनी तोळ्याची वजनं पेढीत ठेवून दिली आणि बरेच दिवस विणकराच्या समोर दोन्हींनी तोलून दाखवलं. कायद्यानं जुनी वजनं ठेवणंच गुन्हा झाल्यावर ती बंद झाली. त्या वर्षी चार घरं पेढी सोडून गेली. आप्पा ते चार घरांचं कायम बोलायचे. नवे पैसे कसे निभावले हे मात्र मला आईकडून कळलं.

तिसरा बदल भाषेचा, आणि तो सावकाश आला. सुरुवातीला कागद इंग्रजीतच यायचे. १९६३ चा राज्यभाषेचा कायदा झाल्यावर कन्नड वाढत गेली. आप्पा कन्नड घडाघडा बोलायचे, निम्मे विणकर कन्नड घरचेच होते. पण लिहिता-वाचता येत नव्हती. त्यांचा हिशेब मोडीत, पत्रव्यवहार बाळबोधीत. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते कन्नड अक्षरं गिरवायला बसले. शिकवणारा होता एका विणकराचा मुलगा, शाळेत मास्तर झालेला. ज्याच्या बापाचं लुगडं सकाळी तोलायचं, त्याच्यापुढं संध्याकाळी पाटी घेऊन बसायचं. आमच्या गल्लीत यावर बरंच बोललं गेलं. लढ्याचे दिवस, भावना तीव्र होत्या, ‘दिवाणजी कन्नड शिकूलालेत’ हे काही कौतुकानं म्हटलं जात नव्हतं. आप्पा सीमाप्रश्नाच्या प्रत्येक सभेला जायचे. त्यांना या दोन्हींत विरोध वाटत नव्हता. नोटीस कन्नडमध्ये आली आणि विणकराला ती कळली नाही तर दंड विणकराला होणार होता, एवढं सरळ होतं ते.

आता थोडं बाहेर बघू. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या दिवाणजीचा थोरला भाऊ होता, त्याला जॉबर म्हणायचे. बायकांच्या खात्यात नायकीण. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत तोच सरदार, दक्षिणेत मेस्त्री. नावं निरनिराळी, जागा एकच. फरक असा की मुंबईच्या जॉबरच्या हातात माणूस कामावर घेणं आणि काढणं होतं. त्यातून दस्तुरी आली. नोकरी लागताना द्या, टिकवायला द्या, रजेवरून परत यायला द्या. इंग्रज सरकारनं १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीवर रॉयल कमिशन नेमलं, त्यात आपले ना. म. जोशीही सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशननं जॉबरच्या हातातून भरतीचा अधिकार काढून घ्या असं सांगितलं. बरोबरच होतं. पण जॉबर गिरण्यांत त्यानंतरही राहिला, कारण तोच साचा दुरुस्त करायचा, तोच गाववाल्याला खोली बघून द्यायचा आणि संप झाला की दोन्हीकडचे निरोपही तोच न्यायचा.

शहापुरातले सगळे दिवाणजी संत होते असं मी म्हणणार नाही. दस्तुरी इथंही चालायची, फक्त तिला नाव नव्हतं. चांगलं सूत कुणाला, गुंतागुंतीचा काठ कुणाला, सणाआधी उचल कुणाला, हे ज्याच्या हातात त्याच्या घरी भाजी, तांदूळ, नारळ आपोआप येत. आमच्या घरी दारातून परत पाठवायची आईला सक्त ताकीद होती, आणि त्यापायी आईनं किती बायकांचा रोष ओढवून घेतला ते ती शेवटपर्यंत सांगायची.

निपाणीकडच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. विडी कामगार बायकांना ठेकेदार तंबाखू आणि पानं तोलून देतो, विड्या मोजून घेतो आणि ‘छाट’ बाजूला काढतो. छाट किती काढायची ते त्याच्या बोटांवर. १९६६ साली विडी कामगारांचा वेगळा कायदा झाला, त्यात या ठेकेदाराची व्याख्या करावी लागली. म्हणजे मधला माणूस कायद्याला दिसला. हातमागाचा दिवाणजी त्या अर्थानं कधी कुणाला दिसलाच नाही.

मजुरी कापायचे प्रसंगही आले. यंत्रमाग वाढले तसा हातमागाचा माल मार खाऊ लागला. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला होता, आमच्याकडं वडगाव-खासबागेत त्यांचा खडखडाट नंतर वाढला, पण वाढला तो झपाट्यानं. १९७० च्या पुढं एका मंदीत सावकारांनी सांगितलं, निम्मे माग बंद करा. कुठले ते तुम्ही ठरवा. हे ‘तुम्ही ठरवा’ फार वाईट असतं. मला २००८ च्या मंदीत हेच वाक्य ऐकायला मिळालं, तेव्हा ते इंग्रजीत होतं. आप्पांनी कुणाचाच माग बंद केला नाही. पाळी लावली. एक पंधरवडा या गल्लीला सूत, पुढचा पंधरवडा त्या गल्लीला. सावकार म्हणाले, ‘दिवाणजी, तुम्ही माझे की त्यांचे?’ आणि चांगले कसबी विणकर म्हणाले, आम्ही बारीक काठाचं काम करणारे, आम्हाला आणि नवख्याला एकच पाळी? दिवाणजी सावकाराचाच माणूस की वो. दोन्हीकडचं खरं होतं. कसबी माणसावर त्यात अन्याय झाला, असं मला आजही वाटतं. आप्पा म्हणायचे, उपाशी राहताना कसब बघायचं नसतं. यावर आमचे वाद झालेत.

पुढं १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आला, काठापदराच्या साड्या हातमागासाठी राखून. कागदावर विणकराच्या बाजूचा कायदा. तोवर शहापूरच्या कितीतरी घरांत हातमाग उचकटून यंत्रमाग बसला होता. तेव्हा तपासणीला साहेब आला की पुढं उभा राहायचा तो दिवाणजी.

या नोकरीनं दिलं काय, असं कुणी विचारेल. पगार बेताचा होता. मान होता, पण तो लग्नाच्या पंगतीत कुठं बसवतात तेवढाच. खरं मिळत होतं ते ज्ञान. पन्नास घरांतली कुठली बाई कांडी सैल भरते, कुठल्या घरात काठ उजवीकडं ओढतो, कुणाचा मुलगा शिकेल, हे सावकाराला ठाऊक नव्हतं आणि शेजारच्या विणकरालाही नव्हतं. मुलाच्या शाळेचा दाखला, दवाखान्यातली चिठ्ठी, सोनाराकडची गहाणवट, सगळ्याला दिवाणजी साक्षीला.

आणि एक लुगडं मिळालं, त्याची गोष्ट सांगतो. १९६९ साली थोरल्या ताईचं लग्न ठरलं. एका म्हाताऱ्या विणकरानं, तेच जे हातानं तोळा ओळखायचे, काही न सांगता ताईसाठी लुगडं विणून आणलं. हिरवं, रुंद काठाचं. आप्पांनी ते हातात घेतलं, बघितलं, आणि उठून तराजूवर ठेवलं. रेशमाचं वजन काढलं, दर लावला, विणणावळ लावली आणि वहीत स्वतःच्या नावावर मांडलं. म्हातारा दारातच उभा. ‘दिवाणजी, हे तोलायचं नव्हं हो,’ एवढंच म्हणाला. आप्पा म्हणाले, ‘तुमच्या घरी सावकाराचं रेशीम सोडून दुसरं रेशीम नाही. उद्या कुणी विचारलं तर माझ्या मुलीच्या अंगावर काय आहे म्हणून सांगू?’ म्हाताऱ्यानं विणणावळीचे पैसे घेतले नाहीत. ती रक्कम त्यांच्या खात्यावर जमा दिसते आणि पुढं कधी उचललेली दिसत नाही. ताईनं ते लुगडं अजून जपलंय, पाचवारी करून नातीला द्यायचं चाललंय.

आज हातमाग शहापुरात शोधावा लागतो. यंत्रमागांवर दिवाणजी आहेत, पण हिशेब मोबाईलवर, मजुरी पिकांवर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी वडगाव-खासबागेत मागांत शिरलं, आणि त्यातून सावरायच्या आत २०२० चा लॉकडाऊन. त्या दिवसांत उचल मागायला विणकर कुणाच्या दारात उभे होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आप्पांच्या १४ वह्या माझ्याकडं आहेत. पहिल्या सात मोडीत, पुढच्या बाळबोधीत, आणि शेवटच्या दोहोंत काही नावं कन्नडमध्ये, कारण विणकरांनी सही म्हणून स्वतः लिहिलेली. तुमच्या माळ्यावर अशा वह्या असतील, खासकरून १९५६ ते १९६२ च्या, तर कृपा करून रद्दीत घालू नका. एक-दोन पानांचा फोटो इथं टाका. नव्या पैशांचा हिशेब दुसऱ्या पेढ्यांवर लडीला लावला की आठवड्याला, ते मला बघायचंय. मोडी वाचता येत नसेल तरी टाका, वाचून द्यायचं माझ्याकडं लागलं.